प्रश्न विचारायचा असेल तर या

बदलापूर गाव,
१६ फेब्रुवारी २००४

किसनराव व्याही यांना रघुचा रामराम.

फोन करणार होतो, पण पत्रच लिहितो. कारखान्यात प्रेस मशीनपाशी उभं राहून माझा डावा कान गेला, उजवा जायच्या बेतात आहे. परवा तुम्ही फोनवर जे बोललात त्यातलं मला फक्त ओरडणं ऐकू आलं. कशाबद्दल ओरडलात ते बायकोने, बकुळाने मागाहून सांगितलं. मी लग्नाला 'सभा' म्हटलं ते तुम्हाला लागलं म्हणे.

मग काय म्हणू? स्टेज होतं, माईक होता, दोन फोटो होते, कोट घातलेला एक गृहस्थ होता आणि पाच जणांची भाषणं झाली. अंतरपाट नाही, अक्षता नाहीत. माझ्या पोरीला तुम्ही पांढरी साडी नेसवलीत. माझी बहीण दारातून आत आली आणि मला विचारते, "दादा, कोन गेलाय यांच्यात?" मी म्हटलं, कुणी गेलं नाही, आपल्या सोनियाचं लग्न आहे. ती जेवेपर्यंत रडत होती.

तुमचा राजरत्न चांगला मुलगा आहे, त्याबद्दल बोलणं नाही. दोघं अंबरनाथच्या आनंदनगरमधल्या एका कंपनीत कामाला, एकमेकांना पसंत केलं, आम्ही आडवे आलो नाही. गावात चार घरांनी आमच्याकडे पाणी प्यायचं सोडलं, तेही सोसतोय. पण एक विचारतो. देव मानत नाही म्हणता, मग मेणबत्ती कुणापुढे लावता? आणि ती विझली तर कोण रागावतं? देव नाही तर धर्म कसला, हे मला कुणीतरी समजावून सांगा. नसेल येत तर राहू द्या.

चैत्रात आमच्या गावदेवीची जत्रा आहे. पहिल्या वर्षी लेकीने देवीची ओटी भरायची असते आणि जावयाला मान असतो. पोरं येणारच आहेत. तुम्ही आणि सुंदराबाईही या. तुमच्या हिशेबी देवी नसली तरी जेवण असतं.

रघु

---

अंबरनाथ पश्चिम,
२५ फेब्रुवारी २००४

रघुशेठ यांस,

जय भीम. आपण उलट जय भीम घालणार नाही हे धरूनच चाललो आहे. आमच्या बाजूने घालून ठेवला.

आपले पत्र मिळाले. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून मी जन्मभर पत्रांना उत्तरे लिहिली. एवढे अज्ञान एका पानात बसवलेले पत्र माझ्या टेबलावर कधी आले नव्हते.

पांढरा रंग शुद्धतेचा आहे. तुमच्या समाजाने तो विधवेच्या अंगावर लादला, हा दोष रंगाचा नव्हे. मेणबत्ती उजेडासाठी असते, कुणाला लाच म्हणून नसते. ती विझली तर कुणी रागावत नाही, काडी ओढून परत लावतात. रागावणारे, रुसणारे, कोंबडी मागणारे देव तुमचे. त्यांची मर्जी सांभाळण्यात तुमच्या पिढ्या गेल्या.

मला आश्चर्य तुमचे वाटते. नांगर तुमचा, चिखल तुमचा, पीक तुमचे; आणि पाया कुणाच्या पडता, तर ज्याने जन्मात चिखलात पाय घातला नाही त्या भटाच्या. तुमच्या घरात भट आल्याशिवाय पाळणा हलत नाही आणि तिरडी उठत नाही. आम्ही ते जोखड फेकून दिले. तुम्ही अजून त्याला हळदकुंकू लावता.

आणखी एक. चार घरांनी पाणी सोडले असे लिहिलेत. ते मेणबत्तीमुळे सोडले नाही, रघुशेठ. त्याचे नाव वेगळे आहे. पत्रात ते नाव लिहायचे आपण टाळलेत, ते माझ्या लक्षात आले आहे.

जत्रेला येईन. स्वतः या, पाहा आणि मग ठरवा, असे आमच्या धम्मात सांगितले आहे. पाहून मगच बोलेन.

किसन

---

बदलापूर गाव,
९ एप्रिल २००४

किसनराव,

आलात, पाहिलंत, पण आधी बोललात. बोलणं झाल्यावर पाहिलं असेल तर माहीत नाही.

मांडवात शिरल्यापासून तुम्ही एकच विचारत होतात, "कुठंय तुमचा भट? बोलवा त्याला, चार प्रश्न विचारतो." मला वाटलं बसायला पाट मागताय. मग बकुळाने कानात सांगितलं. किसनराव, आमच्या देवीला भट नाही. पूजा करतो तो माझा चुलतभाऊ बबन. रोज स्टेशनला रिक्षा चालवतो. त्याला प्रश्न विचारायचे होते तर तुम्ही त्याच्याच रिक्षातून आलात, रस्ताभर वेळ होता. आणि आमच्या घरातली लग्नंसुद्धा भट लावत नाही, धवलारीण लावते. बाईमाणूस. ती धवले गाते, तिच्या गाण्यावर लग्न लागतं. माझं आणि बकुळाचं लग्न गंगू आत्याने लावलं. तुम्ही भट हुडकत होतात तेव्हा ती तुमच्यासमोर बसून कांदा चिरत होती.

ते जाऊ द्या. माणसाला ठाऊक नसतं. पण सगळी भावकी जमलेली असताना तुम्ही उभे राहिलात आणि प्राणिहत्येवर भाषण दिलंत. बकुळाकडे हात करून म्हणालात, "ही माउली स्वतःच्या मुलीच्या सुखासाठी एका मुक्या जिवाचा गळा कापते." बकुळाने त्या कोंबड्या सहा महिने पाळल्या होत्या. ती आत जाऊन बसली ती जेवायलाही उठली नाही. तुम्ही मात्र जेवलात. भाषण झाल्यावर दोनदा कालवण मागितलंत. वाढणारी सोनियाच होती, तिचं तोंड तुम्ही पाहिलं नाहीत.

आता माझं ऐका. शाळेत मी दहा अवतार पाठ केलेत. नववा बुद्ध. म्हणजे तुम्ही एवढं लांब पळून शेवटी आमच्याच अंगणात आलात, फक्त कुंपणावरून उडी मारून. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगतो. तुमची पौर्णिमा आहे ना पुढच्या महिन्यात? येतो. माझाच देव आहे, नारळ फोडतो.

रघु

---

अंबरनाथ पश्चिम,
७ मे २००४

रघुशेठ यांस,

बुद्धपौर्णिमेला विहारात आपण जे केलेत ते लिहून काढतो, म्हणजे पुढेमागे नाकबूल करता येणार नाही.

वंदना चालू असताना आपण पुढे गेलात. पायरीवर नारळ फोडलात, त्याचे पाणी पहिल्या रांगेतल्या बायकांच्या साड्यांवर उडाले. मग खिशातून पुडी काढून बुद्धमूर्तीच्या कपाळाला कुंकू लावलेत. आणि कमी ऐकू येणारा माणूस बोलतो तसे, सगळ्या विहाराला ऐकू जाईल असे म्हणालात, "हा विष्णूच आहे, तुम्हा लोकांना ठाऊक नाही."

आम्हा लोकांना ठाऊक आहे, रघुशेठ. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असे मी मानणार नाही, ही त्यातली एक. एखाद्याच्या घरात शिरून त्याच्या बापाचे नाव बदलून टाकावे, तसे आपण केलेत. विहारातली पोरे उठली होती. आपल्या अंगाला हात लागला नाही तो मी मध्ये उभा राहिलो म्हणून. सुंदराबाईने पदराने कुंकू पुसले आणि वर आपल्याला घरी नेऊन चहा पाजला. तिच्या जागी मी असतो तर स्टेशनचा रस्ता दाखवला असता.

सूनबाई त्या दिवसापासून घरात गप्प असते. आपल्यामुळेच, हे सांगायला नको.

दुसरे म्हणजे राजरत्नने उल्हासनगर कॅम्प एकला भाड्याने खोली घेतली आहे. दोघे पुढच्या आठवड्यात तिकडे जातील. कंपनीत जायला सोयीचे पडते म्हणतो. कंपनी अंबरनाथमध्ये, घर अंबरनाथमध्ये, मग उल्हासनगरहून सोयीचे कसे, हे मला समजले नाही. हल्लीच्या मुलांना प्रवासाची हौस असते.

किसन

---

बदलापूर गाव,
२० जून २००४

किसनराव,

हेडक्लार्क माणूस, आणि एवढं गणित येत नाही? पोरं तुमच्या प्रवचनाला कंटाळून पळाली. सकाळी चहाबरोबर उपदेश, रात्री जेवणाबरोबर उपदेश. गाईसुद्धा असा गोठा सोडून जाते.

सोनियाला दिवस गेलेत, हे तुम्हाला कळलंच असेल. आता रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात मी तिला आणतो. पाचवीला सटवाई पुजली जाईल, बाराव्याला बारसं होईल आणि मूल गावदेवीच्या अंगाऱ्यावर वाढेल. त्याला तुमच्या विहारात नेऊन काय करणार? तिथे हसायची बंदी आहे असं दिसलं. सगळे डोळे मिटून बसलेले. मुलाला वाटेल घरातलं कुणी आजारी आहे.

बकुळा म्हणते, असलं लिहू नका. पण तुमच्या बापाचं नाव मी बदललं असं तुम्ही लिहिलंत, ते मी तिला दाखवलेलं नाही.

रघु

---

अंबरनाथ पश्चिम,
३० जुलै २००४

रघुशेठ यांस,

मूल राजरत्नचे आहे, म्हणजे बौद्ध आहे. सटवाई त्याच्या कपाळावर काही लिहिणार नाही. लिहायचे ते तो शाळेत जाऊन स्वतः लिहील. अंगारा आपण आपल्या कपाळाला लावावा. डोळे मिटून माणूस विचार करतो. आपल्याला ते झोपेसारखे दिसले यात नवल नाही.

परंतु आज मी वेगळ्या कारणासाठी लिहीत आहे. रविवारी सुंदराबाई कॅम्प एकला जाऊन आली. मुलांची घरमालकीण लाजवंती नावाची सिंधी बाई आहे. सूनबाईने कंपनी सोडली, तेव्हापासून ती तिला रोज दुपारी आपल्या टिकाण्यात घेऊन जाते. टिकाणा म्हणजे त्यांचे देवस्थान. सुंदराबाईने पाहिले ते असे: भिंतीवर माशावर बसलेला पांढऱ्या दाढीचा म्हातारा, खाली चौरंगावर शिखांचा ग्रंथ, आणि शेजारी कृष्णाचा फोटो. हा धर्म आहे की भंगारचे दुकान? एक धड देव ठरवता येत नाही. माशावरच्या देवाला नमस्कार करतात आणि घरी जाऊन मासे तळतात.

सुंदराबाईला यात वावगे वाटले नाही. तिला कशातच वाटत नाही. मला मात्र वाटते की आपल्या भांडणात मूल तिसरीकडेच जाईल.

किसन

---

बदलापूर गाव,
१२ ऑगस्ट २००४

किसनराव,

पहिल्यांदा तुमचं पत्र दोनदा वाचलं. बरोबर बोललात.

मी उल्हासनगरच्या बाजारात कारखान्यासाठी माल आणायला जायचो, हे लोक मला माहीत आहेत. गल्ल्यावर बसायच्या आधी पाण्याला हात जोडतात. पाण्याला! नळाच्या पाण्याला का नदीच्या, ते त्यांनाच ठाऊक. सध्या त्यांचे कसले तरी चाळीस दिवसांचे उपास चालू आहेत. तुमच्या सुनेलाही, म्हणजे माझ्या लेकीला, दिवस गेलेले असताना उपाशी ठेवतील.

तुमच्यात आणि माझ्यात कितीही असलं तरी आपण इथलेच. ते निराळे. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी मी येतो. तुम्ही स्टेशनला भेटा. दोघं मिळून जाऊ आणि त्या बाईला काय ते समजावून सांगू. तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही बोला. मी मागे उभा राहतो.

रघु

---

अंबरनाथ पश्चिम,
५ नोव्हेंबर २००४

रघुशेठ यांस,

ऑगस्टमधल्या त्या रविवारी आपण कॅम्प एकला गेलो, त्यानंतर राजरत्नने मला सांगितले की बाळंतपण होईपर्यंत येऊ नका. आपल्यालाही तसेच सांगितल्याचे आपण म्हणालात. मी शब्द पाळला. आपण पाळला नाहीत.

सुंदराबाई सप्टेंबरपासून रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडते. विचारले तर म्हणते विहारात स्वयंपाकाला मदत लागते. काल मी विहारात गेलो. तिथे गेले दोन महिने स्वयंपाकच झालेला नाही. आज तिच्या पिशवीत लोकरीचे टोपडे सापडले. अर्धे विणलेले, लहान, माझ्या मुठीएवढे. दिवस भरायला अजून पंधरवडा आहे, मग हे कुणाच्या मापाचे?

मी काय समजायचे ते समजलो. आपण सूनबाईला गुपचूप गावी नेलेत. तिथे बाळंतपण झाले. अंगारा लावलात, सटवाई पुजलीत, माझ्या बायकोलाही त्यात ओढलेत. लपवून केलेल्या धर्माला माझ्या भाषेत चोरी म्हणतात.

किसन

---

बदलापूर गाव,
९ नोव्हेंबर २००४

किसनराव,

चोर कुणाला म्हणता? तुमचं पत्र आलं तेव्हा मी तुम्हाला हेच लिहायला बसलो होतो.

बकुळा दोन महिने रोज घराबाहेर जाते. म्हणते गावदेवीला नवस बोललीय, रोज दर्शनाला जाते. बबनला विचारलं. तो म्हणाला, "दादा, वयनी गनपतीपासून देवलाकडं फिरकलीच नाय." मी धरून चाललो होतो की तुम्ही पोरीला विहारात नेऊन तुमचे विधी उरकलेत आणि बकुळाला पढवून ठेवलंत.

आता तुमच्याकडे नाही आणि माझ्याकडे नाही, तर आहे कुठे? त्या सिंधी बाईने माशाच्या देवळात बारसं केलं असणार. मी तुम्हाला तेव्हाच जिन्यात म्हटलं होतं, जोराने बोला. तुम्ही पुस्तकी बोलत राहिलात.

दोन्ही बायका घरात आहेत, विचारलं तर तोंड उघडत नाहीत. बकुळा एवढंच म्हणाली, "पोरीलाच इचारा."

मी सोनियाला पत्र टाकलंय. तुम्हीही टाका.

रघु

---

उल्हासनगर कॅम्प १,
१६ नोव्हेंबर २००४

बाबा आणि पप्पा,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. हे उत्तर झेरॉक्स काढून दोघांना पाठवतेय, म्हणजे दुसऱ्याला जास्त लिहिलं असं कुणाला वाटायला नको.

मुलगी झाली. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, दिवस भरायच्या बरेच आधी. राजरत्न कामावर होता. सकाळी मला गरगरायला लागलं, पायांची सूज चेहऱ्यावर आली होती. लाजवंती आंटींनी रिक्षा थांबवली आणि मला धरून दवाखान्यात नेलं. तिथे त्यांना विचारलं, पेशंटच्या तुम्ही कोण. त्या म्हणाल्या, "माँ हूँ." तेवढ्यावर काम झालं. कुठल्या देवाची, हे कुणी विचारलं नाही.

मुलीला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही सांगता येत नाही. राजरत्नने मोबाइल काढला, दोन्ही घरी कळवतो म्हणाला. मीच नको म्हटलं. माझ्या मनात तेव्हा काय होतं ते सांगते. ती गेली तर तिला पुरताना कुणी काय म्हणायचं, यावरून तुम्ही दोघं दवाखान्याच्या दारात भांडाल, असं मला वाटलं. तान्हं मूल दोन्हीकडे पुरतातच. तेही तुम्हाला माहीत नसेल, कारण तुम्ही एकमेकांना कधी काही विचारलंच नाही. एकमेकांची उत्तरं मात्र तुम्हाला तोंडपाठ आहेत.

आई आणि सासूबाईंना मी बोलावून घेतलं आणि तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली. खोटं बोलायला त्यांना किती जड गेलं ते मला ठाऊक आहे. दोघी काचेबाहेर उभ्या राहायच्या. आई देवीचं काहीतरी पुटपुटायची, सासूबाई डोळे मिटून त्यांचं म्हणायच्या, आंटी त्यांचं. तिघींचा कधी वाद झाला नाही. नर्स ओरडायची तेव्हा तिघी एकदम गप्प बसायच्या.

टिकाण्याचंही सांगून टाकते. आमच्या खोलीवर पत्रा आहे, दुपारी भट्टी होते. टिकाण्यात मोठे पंखे आहेत. मी तिथे पंख्याखाली बसायला जायचे. एवढाच माझा धर्म बुडाला. आंटी उपास धरायच्या तेव्हा मला आधी जेवायला घालायच्या. त्या रविवारी तुम्ही दोघं आलात. पप्पा त्यांना पुस्तकी भाषेत म्हणाले, नदीला देव मानणं अडाणीपणा आहे. बाबांनी विचारलं, तुम्ही शीख की हिंदू, एक काय ते ठरवा. त्या म्हणाल्या, "पहले बैठो तो सही. बेटी के पैर सूज गए हैं, आपने देखे?" तुम्ही दोघांनी पाहिलं नाही. तुमचं जिन्यात आपसातच सुरू झालं होतं. मी दारात उभी होते.

मुलगी आता घरी आहे. दूध पिते, वजन धरतेय. नाव यशोधरा. आई तिला यशोदा म्हणते, तिला तसंच ऐकू आलं. सासूबाई म्हणाल्या, म्हणू दे. पोर दोन्ही नावांना मान वळवते.

तुम्हाला भेटायचं असेल तर या. एकच अट आहे. माझ्या घरात एकमेकांच्या धर्माबद्दल सांगायचं काही नाही, फक्त विचारायचं. ज्याचं उत्तर तुम्हाला येत नाही असाच प्रश्न विचारायचा. नसेल सुचत तर सुचेपर्यंत घरी थांबा. पोर कुठे जात नाही.

सोनिया

---

बदलापूर गाव,
२९ नोव्हेंबर २००४

किसनराव,

पोरीचं पत्र तुम्हालाही आलं असेल. मी अजून गेलेलो नाही. तुम्हीही गेला नाहीत, हे बकुळाकडून कळतं. ती रोज जाते. आता लपवत नाही, उलट दारातून सांगून जाते.

किती दिवस मी प्रश्न शोधतोय. जो सुचला त्याचं उत्तर मला आधीच येत होतं. सगळे टोमणेच निघाले, शेवटी फक्त प्रश्नाचं चिन्ह लावलेले. एक लिहिला, बकुळाला वाचून दाखवला. ती म्हणाली, हा प्रश्न नाही, ही शिवी आहे. दुसरा दाखवला, तर म्हणाली, आधीचा बरा होता.

मग तिनेच एक गोष्ट सांगितली. दवाखान्यात बसल्या असताना सुंदराबाई तिला म्हणाल्या की तुमच्या घरी पूर्वी देव होते. देव्हारा होता, तुमची आई पूजा करायची. मग छप्पन सालानंतर तुम्ही ते देव सोडले. मला वाटत होतं तुम्ही आधीपासूनच असे, कोरडे.

तर विचारतो. ते देव घरातून गेले त्या दिवशी तुमच्या आईला काय वाटलं? इतक्या वर्षांचे देव. माझ्या आईच्या हातून असं झालं असतं तर ती जगली नसती. याचं उत्तर मला येत नाही. खरंच येत नाही.

रघु

---

अंबरनाथ पश्चिम,
६ डिसेंबर २००४

रघुशेठ,

आज सगळे चैत्यभूमीला गेले आहेत. गुडघ्यामुळे मी घरी आहे. घरात कुणी नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमचे गाव कर्जतच्या बाजूला. मी अकरा वर्षांचा होतो. देव पितळेचे होते, पाच. वडील म्हणाले, मी नदीवर नेऊन सोडतो. आई म्हणाली, मी आणले, मीच नेईन. तिने ते घासून लखलखीत केले, ओच्यात बांधले आणि निघाली. मी तिच्यामागे गेलो. वाटेत गावचे देऊळ लागते. तिथे ती थांबली. जत्रेच्या दिवशी आम्ही कुठे उभे राहायचो ती जागा तिने मला दाखवली. पायरीच्या खाली, गटाराच्या पलीकडे. तिथून आमचा नारळ वर द्यायचा, तो घेणारा हात न लावता फडक्यात घ्यायचा. प्रसाद वरून टाकायचे. झेलला तर झेलला. आई झेलण्यात पटाईत होती. लहानपणी मला त्याचा अभिमान वाटायचा.

नदीत तिने एकेक देव सोडला. रडली नाही. शेवटचा हातात होता तेव्हा त्याला म्हणाली, "तू कधी माझ्यासाठी दोन पायऱ्या खाली आला नाहीस. आता जा." येताना ती त्याच देवळावरून आली आणि पहिल्यांदा मान वर करून चालली. मला विचारलेत तर तिला हलके वाटले. पण घरी आल्यावर कितीतरी दिवस संध्याकाळी तिचा हात दिव्याच्या कोनाड्याकडे जायचा आणि ती तो मागे घ्यायची. हे मी राजरत्नलाही सांगितलेले नाही. त्याने विचारले नाही आणि मी भाषणे देण्यात गुंतलो होतो.

आपल्या प्रश्नाचे उत्तर झाले. आता अटीप्रमाणे माझा प्रश्न.

आपण म्हणता तुमच्या देवीला भट नाही, बबन पूजा करतो, बाई लग्न लावते. ते मी मान्य करतो, मला माहीत नव्हते. पण आपल्या लहानपणी त्याच देवीच्या जत्रेत पायरीखाली कोण उभे राहायचे? त्यांची नावे आपल्याला आठवतात का? मला याचे उत्तर खरोखर येत नाही. बहुधा आपल्यालाही विचार करावा लागेल.

उत्तर पत्राने पाठवू नका. रविवारी सकाळी मी यशोधराला पाहायला जातो आहे. तिथे या आणि माझ्या तोंडावर सांगा. मी आपल्या उजव्या कानाच्या बाजूला बसेन.

किसन